‘नद्या तुला बुडवणार नाहीत’ : वचन कोठून सुरू होते आणि कोठे संपते?

हरिपूररोड (धागाकर्ता)

सर्वांना सप्रेम सलाम.

आमच्या सांगलीतील ख्रिस्ती मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपत आली की एका ताटात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या ठेवतात आणि प्रत्येक घरातील एक जण पुढे जाऊन आपल्या कुटुंबाचे वर्षाचे वचन उचलतो. २०१९ या वर्षासाठी आईच्या हाताला बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील ४३:२ (अध्याय ४३, वचन २) लागले : ‘तू जलांतून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, नद्यांतून जाशील तेव्हा त्या तुला बुडवणार नाहीत.’ मी ते चांगल्या अक्षरात लिहून घेतले, चौकटीत बसवले आणि पुढच्या खोलीत लावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, एवढे सांगितले तर बाहेरगावच्या वाचकांनाही कल्पना येईल. आमच्या पुढच्या खोलीत पाणी त्या चौकटीच्याही वर चढले होते.

घर धुऊन झाले, गाळ निघाला. मनातून गेला नाही तो एक निरोप. आम्ही विश्रामबागेत मावशीकडे असताना मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर एकाने हेच वचन टाकून खाली लिहिले की ज्यांनी वचन घट्ट धरले त्यांच्या उंबऱ्याला पाणी शिवले नाही. लिहिणाऱ्याचे घर उंचावर आहे, आणि मला तेवढे कारण पुरेसे होते. आईला मात्र ते पुरले नाही. रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारले, ‘आपलाच विश्वास कमी पडला का रे?’

तिला उत्तर देता यावे म्हणून मी त्या वचनाच्या मागेपुढे वाचू लागलो. मी हळदीच्या अडतीत हिशेब लिहितो. खतावणीतील एखादी रक्कम नाव, तारीख आणि मागील बाकी सोडून उचलली तर ती जमेची की नावेची हेसुद्धा सांगता येत नाही, हे मला रोजच्या कामातून ठाऊक होते, तरी शास्त्राच्या बाबतीत मी इतकी वर्षे नेमके तेच करत आलो होतो.

४३ वा अध्याय ‘पण आता’ अशा अर्थाच्या शब्दांनी उघडतो, म्हणजे त्याआधी काहीतरी बोलून झालेले आहे. ४२ व्या अध्यायाच्या शेवटी संदेष्टा विचारतो की याकोबाला, म्हणजे इस्राएल लोकांना, लुटारूंच्या हाती कोणी दिले, आणि स्वतःच उत्तर देतो की ज्याच्याविरुद्ध आपण पाप केले त्या परमेश्वरानेच. त्याच्याभोवती आग पेटली, त्याला भाजले, तरी त्याने मनावर घेतले नाही, असे ४२:२५ सांगते. त्यानंतर लगेच ‘पण आता भिऊ नकोस’ येते आणि त्याच आगीविषयी ४३:२ म्हणते की ज्वाला तुला पोळणार नाहीत. म्हणजे ज्याला हे सांगितले जात आहे तो आधीच भाजलेला आहे, लुटला गेलेला आहे, बाबेलच्या बंदिवासात पडलेला आहे (४३:१४ मध्ये बाबेलचे नावच येते). हे अभिवचन ज्याच्या घरात पाणी शिरले नाही अशा माणसासाठी लिहिलेलेच नाही.

शिवाय वचनात ‘जाशील तेव्हा’ आहे, ‘गेलास तर’ नाही. पाणी येणार हे त्यात गृहीत धरले आहे. पाण्यात एकटा असणार नाहीस, एवढेच सांगितले आहे.

मी आईला हे दोन्ही अध्याय सलग वाचून दाखवले. ती काही बोलली नाही, पण पुन्हा तो प्रश्न तिने विचारला नाही. यंदा चिठ्ठ्यांची वेळ पुन्हा जवळ आली आहे आणि त्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. म्हणून विचारतो : संदर्भातून सुटलेली आणि त्यामुळे उलटा अर्थ मिळालेली कोणती वचने आपल्या पाहण्यात आहेत, आणि ती वाचावीत कशी?

तासगाव_बाई

सलाम. मी निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळे व्याकरणापासून सुरुवात करते. कंटाळा आल्यास पुढचा प्रतिसाद वाचावा.

पहिली गोष्ट, ज्यांना आपण अध्याय आणि वचने म्हणतो ते आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभीचे असून त्यांचे श्रेय स्टीफन लँग्टन यांना देतात, जे पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. नव्या कराराची आजची वचनसंख्या रोबेर एत्येन या मुद्रकाने १५५१ मध्ये आपल्या ग्रीक आवृत्तीत छापली. शोधण्याच्या सोयीसाठी ठोकलेल्या या खुणा आहेत, मैलाच्या दगडांसारख्या. मैलाचा दगड आला म्हणून रस्ता संपत नाही. आपण मात्र दगडापाशी गाडी उभी करून गाव आले असे समजतो. काही दगड तर चुकीच्या जागी पडले आहेत. यशयातील दुःखभोगी सेवकाचे गीत ५२:१३ पासून सुरू होते, पण आपण ते ५३ व्या अध्यायापासून वाचतो आणि त्याची पहिली तीन वचने मागेच राहतात. करिंथकरांस पहिल्या पत्रातील ११:१ हे वचन अर्थाने १० व्या अध्यायाचा शेवट आहे.

दुसरी गोष्ट मराठीची. आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत, हे मोठे भाग्य आहे, पण त्यातच एक खड्डा आहे, कारण ‘तुम्ही’ हे आपल्याला आदरार्थीही वाटते. यिर्मया २९:११ पाहा : ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.’ दहावीच्या निकालाच्या दिवशी हे वचन किती मुलांना पाठवले जाते ते सर्वांना माहीत आहे, आणि ज्याला पाठवले तो ते एकट्या आपल्यासाठी वाचतो. शास्त्रात देव एका माणसाशी ‘तू’ म्हणूनच बोलतो. तेथील ‘तुम्ही’ हे अनेकवचन आहे. यरुशलेमेहून बाबेलला नेलेल्या सगळ्या लोकांना यिर्मयाने पाठवलेल्या पत्रातील ते वाक्य आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये राजासह ही माणसे बंदिवासात गेली. त्यांना यिर्मया काय सांगतो? घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आणि २९:१० मध्ये, नेमक्या आधीच्या वचनात, सत्तर वर्षे हा आकडा आहे. ज्या प्रौढांनी हे पत्र ऐकले त्यांच्यापैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती. त्याच वचनात पुढे येणारी ‘भावी सुस्थिती’ त्यांच्या नातवंडांची होती. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाविषयी त्यात काही नाही.

कोरेगावचा_मी

क्षमस्व, पण इतका कीस कशासाठी? देव माणसाशी वचनातून थेट बोलतो. पत्र कोणाला लिहिले, कोणत्या साली लिहिले, हे पंडितांनी पाहावे. मला ज्या दिवशी जे वचन मिळाले ते त्या दिवशी माझे.

हरिपूररोड

कोरेगावकर, आपला राग समजतो, कारण मीही असाच वाचत होतो. परंतु एक उदाहरण देतो. आमच्या बाजारपेठेत आपल्या एका बांधवाचे दुकान उघडले तेव्हा कापडी फलकावर ईयोब ८:७ चा आशय मोठ्या अक्षरांत होता, की तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट फार भरभराटीचा होईल. दुकानासाठी याहून चांगले वाक्य सापडणार नाही. आता हे कोण बोलत आहे ते पाहा. हा देव नव्हे, संकटात सापडलेला ईयोबही नव्हे, हा त्याचा मित्र बिल्दद. ज्या बापाची सगळी मुले नुकतीच मेली आहेत त्याच्यासमोर बसून तो तीनच वचने आधी, ८:४ मध्ये, सुचवतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल म्हणून त्यांना त्याचे फळ मिळाले. ग्रंथाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव बिल्ददाच्या सोबत्याला, एलीफजाला, म्हणतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.

गंमत अशी की ईयोबाचा शेवट खरोखरच आरंभापेक्षा समृद्ध झाला (४२:१२). बिल्ददाचे वाक्य खरे ठरले आणि त्यामागचा त्याचा हिशेब खोटा ठरला. फलकावर फक्त वाक्य येते, हिशेब येत नाही. आमच्या गटावर आलेला तो निरोप मला आता बिल्ददाचाच वाटतो : पाणी शिरले, म्हणजे घरात काहीतरी कमी असणार.

मिरज_रात्रपाळी

मी परिचारिका आहे. हा विषय माझ्यासाठी वादाचा नाही, कामाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या मिरजेला वैद्यकाचे आणि ख्रिस्ती सेवेचे नाते जुने आहे, डॉ. वानलेस यांचे रुग्णालय १८९४ चे. तरीसुद्धा दर काही महिन्यांनी एखादे कुटुंब असे येते की ज्यांनी रुग्णाची औषधे मध्येच थांबवलेली असतात. मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन बंद केलेले मी स्वतः पाहिले आहे. कारण विचारले की याकोबाच्या पत्रातील ५:१५ सांगतात, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील; किंवा यशया ५३:५, त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य प्राप्त झाले. कोणीतरी त्यांना पटवून दिलेले असते की गोळी घेणे म्हणजे वचनावर अविश्वास दाखवणे.

अशा वेळी मी वाद घालत नाही, कारण रात्री दोन वाजता वाद घालून कोणाचीही साखर उतरत नाही. मी त्यांचेच शास्त्र उघडून पुढची पाने दाखवते. प्रेषित पौल तीमथ्याला पहिल्या पत्रात, ५:२३ मध्ये, लिहितो की तुझ्या पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे. त्याने त्याला अविश्वासू म्हटले नाही. दुसऱ्या पत्राच्या शेवटी (४:२०) तो सहज सांगून जातो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. प्रेषितांच्या कृत्यांप्रमाणे ज्याच्या अंगावरचे रुमाल नेले तरी रोगी बरे होत, तोच पौल आपल्या सोबत्याला आजारी अवस्थेत मागे ठेवून येतो, आणि त्याबद्दल कोणाला दोष देत नाही.

याकोबाच्या त्याच अध्यायातील ५:१४ मध्ये तेल लावण्यास सांगितले आहे, आणि मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठांना, घरी बोलावण्यास सांगितले आहे. म्हणजे रोग्याने एकट्याने विश्वासाचे वजन उचलायचे नाही. प्रार्थना इतरांनी करायची आहे. ती फळली नाही तर दोष रोग्याच्या माथी मारण्याला त्या परिच्छेदात जागाच नाही. हे मला नात्यातल्या एका आजारपणानंतर कळले. ते येथे लिहीत नाही.

मात्र दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. यशया ५३:५ मधील आरोग्य हे पापापासूनचे आहे, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात २:२४ वाचल्यावर दिसते. पण मत्तय ८:१७ त्याच अध्यायातील आधीचे वचन येशूने खरोखरीचे रोगी बरे केले त्या प्रसंगाला लावतो. तेव्हा ‘हे केवळ आत्मिक आहे’ असे म्हणून हात झटकणे हेसुद्धा संदर्भ सोडणेच झाले.

सदरबझार_सातारा

वरील सर्व प्रतिसाद आदराने वाचले. तरीही मला दोन गोष्टी टोचतात आणि त्या मी स्पष्टपणे मांडतो.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिला चाळीस-पन्नास वचने पाठ होती, तीही कोणाच्या तोंडून ऐकलेली. तिला यिर्मयाचे पत्र कोणाला गेले ते ठाऊक नव्हते आणि बाबेल नकाशावर दाखवता आले नसते. त्या तुटक वचनांवर तिने दोन मुलांचा मृत्यू सोसला. आपल्या मोजमापाने तिचे वाचन चुकीचे ठरते. मग तिला जे मिळाले ते काय होते?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मत्तय २:१५ मध्ये येशूला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, परत आणल्याबद्दल लिहिले आहे की ‘मी आपल्या मुलाला मिसर देशातून बोलावले’ हे पूर्ण झाले. हे वाक्य होशेय ११:१ मधले आहे. तेथे ते भाकीत नाही. इस्राएल राष्ट्राच्या भूतकाळाविषयी ते आहे, आणि पुढचेच वचन सांगते की जितके त्यांना बोलावले तितके ते दूर गेले आणि बआलांना यज्ञ करू लागले. तुमच्या कसोटीवर मत्तय नापास होतो. शुभवर्तमानकाराला जी मोकळीक आहे ती माझ्या आजीला का नसावी?

वाईकर

मी ख्रिस्ती नाही. हा धागा एका मित्राने पाठवला म्हणून आलो. अनधिकाराने लिहितो असे वाटल्यास सांगावे.

हा प्रश्न आमच्या गावात फार जुना आहे, केवळ ग्रंथ निराळा. मीमांसकांनी एखाद्या प्रकरणाचे तात्पर्य कसे ठरवावे याच्या खुणा एका श्लोकात बांधून ठेवल्या आहेत : ‘उपक्रमोपसंहारावभ्यासोऽपूर्वता फलम् । अर्थवादोपपत्ती च लिङ्गं तात्पर्यनिर्णये ॥’ आरंभ कशाने झाला आणि समारोप कशाने, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते, नवे काय सांगितले, त्याचे फळ काय, कोठे केवळ स्तुती किंवा निंदा आहे, आणि युक्तिवाद कोणता, हे पाहिल्याखेरीज मधल्या एका वाक्यावर निवाडा करू नये, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. हरिपूररोड यांनी ४२ व्या अध्यायाचा शेवट आणि ४३ व्याचा आरंभ जोडून जे केले, त्याला आमच्या पाठशाळेतील गुरुजी एकवाक्यता साधणे म्हणाले असते.

आणि तुटक वाचनाचा रोग आमच्याकडेही आहे. ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन’ इतके प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर असते. कामगाराने पगारवाढ मागू नये यासाठीही ते ऐकवले जाते. त्याच श्लोकाचा शेवटचा चरण ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’, अकर्माची ओढ नको, हा मात्र भिंतीवर येत नाही. आणि हे रणांगणावर शस्त्र टाकून बसलेल्या माणसाला सांगितले आहे, हे तर कोणाच्या ध्यानातही नसते.

मला वाटते की आपण मराठी वाचक या चुकीला विशेष बळी पडतो, कारण आपले कान सुभाषितावर, ओवीवर आणि म्हणीवर घडलेले आहेत. सुभाषित आपल्या पायावर उभे राहते. त्याला मागचे-पुढचे लागत नाही. त्याच सवयीने आपण पत्रातील वाक्य उचलतो. पत्रातील वाक्य सुभाषित नसते.

तासगाव_बाई

वाईकर, अनधिकार कसला, आपण तर मला हवा असलेला शब्द दिलात. एक भर घालते. आमच्या शास्त्रात नीतिसूत्रे हा ग्रंथ खरोखरच सुभाषितांचा आहे, पण तेथेही गोष्ट सोपी नाही. २६:४ सांगते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. आणि २६:५ सांगते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे. ज्याने ही दोन सूत्रे शेजारी शेजारी ठेवली त्याला विसंगती दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. कोणत्या मूर्खापुढे कोणते लावायचे हे वाचणाऱ्याने ठरवावे म्हणूनच ती तशी ठेवली असावीत.

आता सदरबझार यांचा मत्तयाविषयीचा आक्षेप. तो टाळून चालणार नाही. मला जे उत्तर पटते ते असे. मत्तयाला होशेयाचे पुढचे वचन माहीत नव्हते असे नाही. तो पुढच्याच दोन अध्यायांत येशूला पाण्यातून आणि मग चाळीस दिवस अरण्यातून नेतो, आणि तेथे येशू सैतानाला तिन्ही उत्तरे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून देतो, म्हणजे इस्राएलाच्या अरण्यातील परीक्षेच्या ग्रंथातून. बोलावलेला पहिला मुलगा दूर गेला, हा मुलगा गेला नाही, अशी ती जोडणी आहे. होशेयाचे पुढचे वचन गळाले तर मत्तयाचा मुद्दाच गळतो. ज्या काळात वचनांना आकडे नव्हते त्या काळात एक ओळ उच्चारणे म्हणजे सगळ्या प्रकरणाकडे बोट दाखवणे असे. वधस्तंभावर येशू २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ म्हणतो. ते स्तोत्र पाठ असलेल्यांना त्याचा शेवट कोठे होतो हे माहीत होते.

याउलट त्याच परीक्षेत ९१ वे स्तोत्र कोण उद्धृत करतो ते पाहावे. सैतान करतो, आणि शब्द बहुतांशी बरोबर घेतो, फक्त ‘तुझ्या सर्व मार्गांत’ एवढे गाळतो. देवदूत तुला हातांवर झेलतील, असे ज्याच्यासाठी लिहिले आहे तो परात्पराच्या आश्रयाला बसलेला माणूस आहे. मंदिराच्या शिखरावरून मुद्दाम उडी टाकणारा नव्हे.

उमदी_तरुण

माझा लहान प्रश्न आहे. आमच्या गावात बुधवारच्या प्रार्थनेला तीनच माणसे येतात आणि आम्ही दर वेळी मत्तय १८:२० म्हणून धीर धरतो : ‘जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तेथे त्यांच्यामध्ये मी आहे.’ हेही चुकीचे आहे का? असेल तर सांगू नका, असेही एक मन म्हणते.

मिरज_रात्रपाळी

भाऊ, सांगते, कारण यात गमावण्यासारखे काही नाही. १८:१५ पासून वाचा. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याकडे जा. ऐकले नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा, म्हणजे दोघा-तिघा साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत होईल. हे अनुवाद १९:१५ मधील साक्षीचे कलम आहे, आणि २० व्या वचनातील ‘दोघे किंवा तिघे’ तेथूनच येतात. म्हणजे भांडण मिटवायला बसलेल्या माणसांना दिलेला तो शब्द आहे. आपल्याकडे भाऊबंदकीचे वाद कसे चालतात ते पाहता, त्या खोलीत प्रभू आहे हे आठवण्याची गरज प्रार्थनेच्या खोलीपेक्षा कमी नाही. तुमच्या तिघांत तो नाही असे यातून कोठेही निघत नाही. उलट तुम्हा तिघांपैकी दोघांचे पटत नसेल तर हे वचन आता जास्त उपयोगी पडेल.

उमदी_तरुण

पटत नाही. बांधावरून. धन्यवाद, ताई.

कोरेगावचा_मी

शेवटचे वाचून हसू आले आणि थोडे लागलेही. माझे मत मी पूर्णपणे बदललेले नाही. सकाळी शास्त्र उघडल्यावर एखादे वाक्य अंगावर येते, ते येतच राहणार. परंतु एक विचारतो. ग्रीक, हिब्रू येत नाही, टीकाग्रंथ विकत घेण्याची ऐपत नाही, अशा माणसाने संदर्भ पाहायचा कसा?

हरिपूररोड

ग्रीक मलाही येत नाही. मला जे जमते ते सांगतो.

पत्र असेल तर ते पत्रासारखे, एका बैठकीत वाचतो. फिलिप्पैकरांस पत्राची चार अध्यायांत मिळून १०४ वचने आहेत. आमच्या अडतीत दुपारी सौदे थांबतात तेवढ्या वेळात ते वाचून होते. तसे वाचले की ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे ४:१३ कुस्तीच्या आखाड्यात किंवा स्पर्धा परीक्षेच्या टेबलावर चिकटवण्याचे राहत नाही. लिहिणारा पौल बेड्यांत आहे, हे पहिल्याच अध्यायात कळते. ४:१२ मध्ये तो म्हणतो की तृप्त असणे आणि भुकेला असणे, संपन्न असणे आणि विपन्न असणे, दोन्ही मी शिकलो आहे. त्याचे ‘सर्वकाही’ ते आहे; उपाशी राहणेही त्यात येते.

त्याशिवाय ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘तर मग’ असे शब्द वचनाच्या तोंडाशी दिसले की मी मागे जातो. कोण बोलत आहे आणि कोणाशी, हे बोट ठेवून पाहतो. प्रकटीकरण ३:२० मधील दाराशी उभे राहून ठोकणारा प्रभू आम्ही नेहमी बाहेरच्यांना ऐकवतो. बोट ठेवल्यावर कळले की ते दार लावदिकीयाच्या मंडळीचे आहे, म्हणजे आमचेच. आणि अडले तर दुसरे भाषांतर पाहतो. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये राहून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे शास्त्र मराठीत आणले. नेहमीच्या भाषांतराशेजारी ते ठेवले की कोठे वाक्य वळते ते पुष्कळदा दिसते.

आता सदरबझार यांच्या आजीविषयी. त्यावर मी बरेच दिवस विचार केला. त्यांना वचने कोणी सांगितली, कधी सांगितली आणि त्यांनी ती कोणाच्या मरणाच्या वेळी म्हटली, हे सगळे त्या वचनांना चिकटलेले होते. छापील संदर्भ त्यांच्याकडे नव्हता हे खरे, पण ती वचने त्यांनी दुसऱ्या कोणाच्या दुःखावर आरोप म्हणून फेकली नाहीत. आमच्या गटावर तो निरोप लिहिणाऱ्याला अध्याय-वचन आकड्यांसह पाठ होते.

सदरबझार_सातारा

आजीने एकदाही तसे केले नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. मत्तयाविषयीचे बाईंचे उत्तर मला अर्धे पटले. अर्धे राहू द्या.

एक विचारायचे राहिले. पुराविषयी आपण यशया सांगितला, पण ४२ व्या अध्यायात तर पापाची शिक्षा म्हणूनच आग लागली आहे. तो संदर्भ जोडला की पूर ही शिक्षा होती असे म्हणायला आपणच वाट करून देत नाही का?

हरिपूररोड

हीच भीती मला आईला वाचून दाखवताना होती. तेथील शिक्षा कोणाला, कशासाठी, हे संदेष्टा नाव घेऊन सांगतो; कृष्णाकाठच्या लोकांविषयी कोणताही संदेष्टा बोललेला नाही, धरणे आणि पाऊस बोलतात. आणि लूक १३:४ मध्ये येशूला नेमके हेच विचारले गेल्यासारखे आहे. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमेत राहणाऱ्या इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होती काय? तो म्हणतो, नाही. डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी खडकावरचे घर आणि वाळूवरचे घर अशी दोन घरे आहेत; पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांना लागतात. सांगलीत हे समजावून सांगावे लागू नये.

चिठ्ठ्यांचे असे ठरवले आहे. पाळकसाहेबांशी बोललो, त्यांनी प्रथा मोडू नको असे सांगितले आणि मलाही ती मोडायची नव्हती. या वेळी चिठ्ठीवर वचन न लिहिता पूर्ण परिच्छेदाचा पत्ता लिहीन, उदाहरणार्थ ‘यशया ४२:१८ ते ४३:७’, आणि ज्याला जो मिळेल त्याने तो घरी जाऊन मोठ्याने वाचावा. ताटात साठ चिठ्ठ्या लागतात. अठ्ठावीस झाल्या आहेत. यिर्मयाचा पत्ता ‘२९:१ ते १४’ असा लिहिला आहे.

मिरज_रात्रपाळी

तो २८ व्या अध्यायापासून लिहा. दोन वर्षांत सगळे परत येतील असे सांगणारा हनन्या तेथे आहे.

हरिपूररोड

लिहिला. चिठ्ठी बदलली.